नॅसमधील डिस्क ओळखणे, तपासणे आणि बदलणे : ओपनमीडियाव्हॉल्टच्या वेब पडद्यावरून

ओपनमीडियाव्हॉल्ट ही डेबियन या लिनक्स प्रणालीवर उभी असलेली मुक्त प्रणाली आहे. जुन्या संगणकाला किंवा छोट्या सर्व्हरला ती घरच्या वा कार्यालयाच्या नेटवर्कवरील सामायिक साठवणीचे, म्हणजे नॅसचे, रूप देते आणि तिची बहुतेक कामे ब्राउझरमधून करता येतात. मात्र पडद्यावर एका ओळीत दिसणारी डिस्क आणि पेटीच्या कप्प्यात स्क्रूने बसवलेली डिस्क यांची सांगड ही प्रणाली आपल्याला घालून देत नाही. ती ज्याची त्याने घालायची असते, आणि डिस्कच्या बाबतीत होणारे मोठे नुकसान बहुधा तेथेच होते. म्हणून या मार्गदर्शनात मी डिस्कच्या ओळखीवर सर्वांत जास्त भर देत आहे.

आधी ओळख

प्रशासक म्हणून आत गेल्यावर डावीकडील 'स्टोरेज' या मेनूत 'डिस्क्स' हे पान उघडावे. येथे प्रत्येक भौतिक डिस्कसाठी एक ओळ असते आणि तिच्यात उपकरणाचे नाव, मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादक आणि क्षमता दिसते. उपकरणाचे नाव 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशा प्रकारचे असते. लिनक्सला सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ही नावे दिली जातात. एखादी केबल दुसऱ्या पोर्टला लावली, नवी डिस्क वाढवली, किंवा कधी नुसते यंत्र पुन्हा सुरू केले, तरी कालची 'एसडीबी' आज 'एसडीसी' होऊ शकते. सिरियल नंबर मात्र डिस्कच्या आत नोंदलेला असतो आणि तोच तिच्या कागदी लेबलवर छापलेला असतो. पडदा आणि पेटी यांच्यामधला विश्वासार्ह दुवा तेवढाच आहे.

काही वर्षांपूर्वी चार डिस्कच्या रेड ५ संचात, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहील अशा रीतीने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचात, 'एसडीसी' बिघडल्याचे मला दिसले. मी वरून तिसरा कप्पा मोजला आणि तेथील डिस्क चालू यंत्रातून ओढून काढली. ती निरोगी निघाली. एक डिस्क आधीच गेलेली होती, त्यात दुसरी निघाल्यामुळे संच जागीच थांबला. त्या वेळी कोणी काही लिहीत नसल्यामुळे तो पुन्हा जुळवता आला, पण त्यासाठी संपूर्ण रात्र गेली. त्या दिवसापासून मी डिस्क बसवण्याआधीच सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरे आणि वॉरंटी संपण्याचा महिना एका चिठ्ठीवर लिहून ती ट्रेच्या दर्शनी बाजूला चिकटवतो, आणि हाच तपशील यंत्राशेजारच्या वहीत ठेवतो. ज्यांच्या डिस्क आधीच बसवलेल्या आहेत त्यांनी यंत्र रीतसर बंद करावे, एकेक डिस्क बाहेर काढून लेबल वाचावे, चिठ्ठी लावावी आणि ती पुन्हा त्याच जागी बसवावी. अर्ध्या तासाचे काम आहे. ते बिघाड होण्याआधी केलेले असावे.

नवी डिस्क बसवणे

यंत्राला चालू स्थितीत डिस्क बदलण्याची सोय आहे याची खात्री नसेल, तर ते बंद करूनच डिस्क बसवावी. चालू यंत्रात बसवली असेल आणि ती यादीत दिसत नसेल, तर त्याच पानावरील 'स्कॅन' हे बटण दाबावे. ४ टीबीची डिस्क पडद्यावर ३.६४ टीआयबी अशी दिसली म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक एक टीबी म्हणजे १० चा बारावा घात बाइट धरतात, तर प्रणाली २ च्या चाळिसाव्या घाताने मोजते. फरक केवळ मोजमापाचा आहे.

खरेदी करताना मात्र एक गोष्ट जरूर पाहावी. काही डिस्क माहिती लिहिताना एकमेकींवर अंशतः चढणाऱ्या पट्ट्या वापरतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. सलग मोठे लेखन आले की अशा डिस्क फार मंदावतात आणि रेड संच पुन्हा बांधताना त्रास देतात. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांतही ही पद्धत न सांगता वापरली गेल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. त्यामुळे उत्पादकाच्या तपशीलपत्रकात 'सीएमआर', म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी पद्धत, असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच डिस्क घ्यावी.

आधी वापरलेल्या डिस्कवर जुन्या विभाजनांच्या आणि फाइल सिस्टिमच्या खुणा असतात, आणि रेड संचासाठी डिस्क निवडण्याच्या यादीत ओपनमीडियाव्हॉल्ट तिला दाखवतच नाही. तेव्हा 'डिस्क्स' पानावर ती ओळ निवडून 'वाइप' करावे लागते. 'क्विक' हा प्रकार केवळ या खुणा पुसतो आणि थोड्याच वेळात संपतो. 'सिक्युअर' हा प्रकार संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहितो आणि मोठ्या डिस्कला अनेक तास घेतो. नव्या कामासाठी डिस्क घ्यायची असेल तर पहिला पुरेसा आहे. दुसरा प्रकार डिस्क दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वीचा, आणि तोही फिरत्या डिस्कसाठी. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, सर्वत्र लिहिल्याने तिचे आयुष्य खर्ची पडते, पण जुनी माहिती पूर्ण गेल्याची हमी मिळत नाही. 'वाइप' केलेले परत घेता येत नाही. होकार देण्यापूर्वी त्या ओळीतला सिरियल नंबर वहीतल्या नोंदीशी अक्षर अक्षर जुळवावा, आणि उपकरणाच्या नावावर मुळीच विसंबू नये.

तब्येतीवर नजर

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ज्या यंत्रणेने ठेवते तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती येथे आपोआप चालू झालेली नसते आणि तिच्या कळा दोन ठिकाणी आहेत, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. 'स्टोरेज' मेनूतील 'स्मार्ट' खाली 'सेटिंग्ज'मध्ये सेवा चालू करावी लागते, आणि नंतर 'डिव्हाइसेस'मध्ये प्रत्येक डिस्क उघडून तिच्यावर देखरेख वेगळी चालू करावी लागते. दुसरे पाऊल राहून गेले तर सेवा चालू असूनही त्या डिस्ककडे कोणी पाहत नाही. बदल जतन केल्यावर वर पिवळी पट्टी येते. तिच्यावरील खूण दाबून होकार दिल्याशिवाय बदल लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तपशील उघडल्यावर गुणधर्मांचा लांबलचक तक्ता येतो, परंतु त्यातले सगळेच आकडे महत्त्वाचे नसतात. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (माहिती साठवण्याचे डिस्कवरील छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, आणि १९८ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर. या तिघांचा कच्चा आकडा शून्य असावा. क्रमांक ५ वर दोन-चार सेक्टर दिसले आणि आकडा महिनोन्महिने तेथेच स्थिर राहिला, तर डिस्क आणखी बराच काळ चालू शकते. पण तो आठवड्यागणिक वाढत असेल, किंवा १९७ शून्यावर येत नसेल, तर नवी डिस्क मागवावी. क्रमांक १९९ मात्र वेगळा आहे. डिस्क आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाणीत झालेल्या चुका तो मोजतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा सैल किंवा खराब केबल हे असते. केबल बदलल्यावरही हा आकडा खाली येत नाही, कारण तो जन्मापासूनची बेरीज आहे; तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे. हा आकडा पाहून चांगली डिस्क टाकून दिलेली मी पाहिली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

'शेड्यूल्ड टास्क्स'मध्ये प्रत्येक डिस्कसाठी आठवड्यातून एकदा छोटी चाचणी आणि महिन्यातून एकदा दीर्घ चाचणी लावावी. छोटी चाचणी काही मिनिटांत होते, तर दीर्घ चाचणी सगळा पृष्ठभाग वाचते आणि ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज घेते. म्हणून ती रात्रीची, आणि प्रत्येक डिस्कची वेगळ्या तारखेला ठेवावी. नवी डिस्क आली की माहिती ठेवण्यापूर्वी पहिली दीर्घ चाचणी तेव्हाच करून घ्यावी, कारण या काळात सापडलेला दोष दुकानदाराकडे सहज बदलून मिळतो. 'सिस्टम'मधील 'नोटिफिकेशन' येथे ईमेलची जुळणी करून चाचणीचे पत्र खरोखर येते का, तेही पाहून घ्यावे.

तापमानाचा इशारा आपल्या गावाप्रमाणे ठरवावा. डिस्क चाळीस अंशांच्या आसपास ठेवावी असा माझा आग्रह असतो, पण विदर्भात मे महिन्यात बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांवर जाते. तेथे पंखा डिस्कच्या समोर असणे आणि यंत्र बंद कपाटात नसणे, यांचा उपयोग पडद्यावरील कोणत्याही सेटिंगपेक्षा अधिक होतो.

बिघडलेली डिस्क बदलणे

सातव्या आवृत्तीपासून लिनक्सच्या रेड संचांचे पान वेगळ्या प्लगइनमधून, म्हणजे वरून बसवायच्या जोडभागातून, येते. ते बसवल्यावर 'स्टोरेज'मध्ये 'मल्टिपल डिव्हाइस' हे पान दिसते. डिस्क गळाली की संचाच्या स्थितीत 'डिग्रेडेड' हा शब्द येतो. या क्षणी पहिले काम डिस्क बदलण्याचे नसून महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढण्याचे आहे. रेड ५ मध्ये नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्या सहसा एकाच वयाच्या, एकाच खरेदीतल्या असतात. दुसरी डिस्क याच श्रमात जाण्याची शक्यता असते.

प्रत झाल्यावर गळालेल्या डिस्कचा सिरियल नंबर 'डिस्क्स' पानावरून टिपून घ्यावा. ती यादीतून पूर्ण नाहीशी झाली असेल, तर उरलेल्यांचे नंबर वहीतून वगळत जावे. जो शेवटी उरेल तो तिचा. ती अजून संचात दिसत असेल तर 'रिमूव्ह' करून बाहेर काढावी, यंत्र बंद करावे, चिठ्ठी पाहून ट्रे ओढावा आणि लेबलवरील नंबर पुन्हा वाचावा. नवी डिस्क जुन्यांपेक्षा लहान चालत नाही. ती बसवून यंत्र सुरू केल्यावर तिची दीर्घ चाचणी घ्यावी की थेट बांधणी सुरू करावी, हा प्रश्न येतो. ताजी प्रत हाती असेल तर मी आधी चाचणी घेतो. नसेल तर संच उघडा ठेवण्याचा धोका अधिक मानून लगेच पुढे जातो. संच निवडून 'रिकव्हर' दाबले की उपलब्ध डिस्कची यादी येते, त्यातून नवी निवडायची आणि स्थितीत 'रिकव्हरिंग' व टक्केवारी दिसू लागते. सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी राहिला तर ४ टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि त्याच वेळी नेटवर्कवर जड काम चालू असेल तर याहून बरेच अधिक. मध्येच वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यानेही यंत्र पुन्हा सुरू होऊ शकते.

'डिस्क्स' पानावरील 'एडिट'मध्ये वीजबचतीची सेटिंग्ज आहेत. दिवसभर वापरात असलेल्या डिस्क काही मिनिटांनी थांबवून पुन्हा फिरवण्यात बचत थोडी आणि झीज जास्त, म्हणून मी ती फक्त रात्रीच्या बॅकअपच्या डिस्कसाठी वापरतो.

संचात नसलेली डिस्क कायमची काढायची असेल तर जोडण्याच्या उलटा क्रम धरावा. तिच्यावरील सामायिक फोल्डर कोणती सेवा वापरते ते सोडवावे, मग फोल्डर काढावा, मग 'फाइल सिस्टिम्स' पानावर ती अनमाउंट करावी, म्हणजे प्रणालीच्या वापरातून सोडवावी, आणि त्यानंतरच यंत्र बंद करून डिस्क काढावी. फाइल सिस्टिम वापरात असेपर्यंत ते पान तिला सोडत नाही, आणि ही अडवणूक योग्यच आहे. जुनी डिस्क अजून चालत असेल तर ती 'सिक्युअर' पद्धतीने पुसूनच बाहेर द्यावी. पुसता येण्याच्या पलीकडे गेलेली, पण वॉरंटीत असलेली डिस्क परत पाठवायची की नाही, हे तिच्यात कोणाची कागदपत्रे होती यावरून ठरवावे. रुग्णांच्या किंवा अशिलांच्या नोंदी असतील तर मी ती परत पाठवत नाही.