ऑर्फन रिसेप्टरवर पीएचडी सुरू करताय? आधी रिकामा कंट्रोल लावा

एमएस्सीनंतर मला ऑर्फन न्यूक्लियर रिसेप्टरचा (न्यूक्लियर रिसेप्टर म्हणजे डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारं प्रोटीन; ऑर्फन म्हणजे ज्याला चिकटून चालू करणारा रेणू, म्हणजे लिगँड, अजून माहीत नाही असं) विषय मिळाला तेव्हा वाटलेलं की लिगँड माहीत नाही म्हणजे तो सापडेपर्यंत हे प्रोटीन नुसतं बसून असणार. तसं अजिबात नाहीये. माणसात न्यूक्लियर रिसेप्टर एकूण ४८, त्यातले बरेच ऑर्फन लिगँड नसतानाही डीएनएवर बसून जीन चालू-बंद करत असतात. नर-१ या ऑर्फनचं २००३ मध्ये क्रिस्टल स्ट्रक्चर (प्रोटीनची त्रिमितीय रचना) आलं तर लिगँडची जागाच अमिनो अ‍ॅसिडच्या साइडचेननी गच्च भरलेली निघाली, आणि तरी मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी त्याच्याशिवाय नीट तयार होत नाहीत! मला हे वाचून खूप भारी वाटलेलं.

काहींचे लिगँड सापडतातही, एफएक्सआर हा रिसेप्टर १९९५ ला ऑर्फन म्हणून आला आणि १९९९ ला कळलं की पित्तातली बाइल अ‍ॅसिड्स त्याला चालू करतात.

आता माझी चूक सांगते. आम्ही रिसेप्टरचा लिगँड पकडणारा भाग गॅल-४ ला (यीस्टमधलं डीएनएवर बसणारं प्रोटीन) जोडून पेशीत टाकायचो, सोबत ल्युसिफरेज (रिसेप्टर चालू झाला की जास्त बनणारं, उजेड देणारं एन्झाइम), मग कंपाउंड घालून दुसऱ्या दिवशी प्लेट रीडरवर उजेड मोजायचो. एका कंपाउंडला सहापट सिग्नल आला, मी दोन महिने डोस कर्व्ह काढत बसले, आणि मग लॅबमधल्या ताईने विचारलं, "अगं, नुसत्या गॅल-४ च्या वेलमध्ये किती येतंय?" ती वेल (प्लेटमधला खड्डा, ज्यात रिसेप्टर न जोडलेला गॅल-४ असतो) मी लावलीच नव्हती. लावली तर तिथेही सहापट. कंपाउंड रिसेप्टरला हातही लावत नव्हतं, ल्युसिफरेजला चिकटून तेच एन्झाइम टिकवत होतं. त्या दिवशी रडू आलं खरंच.

म्हणून नुसत्या गॅल-४ चा, म्हणजे रिकामा, कंट्रोल प्रत्येक प्लेटमध्ये हवाच. पेशी वाढवायचं सीरमसुद्धा चारकोलने साफ केलेलं घ्या, साध्या सीरममध्ये स्टेरॉइड असतातच. उंदरावर जाणार असाल तर पीएक्सआर या रिसेप्टरचं उदाहरण लक्षात ठेवा, टीबीचं औषध रिफॅम्पिसिन माणसाच्या पीएक्सआरला जोरात चालू करतं (म्हणूनच लिव्हरची एन्झाइम वाढून गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो), उंदराच्या पीएक्सआरवर मात्र ते जवळजवळ काहीच करत नाही.

आणि पहिले काही महिने लिगँडच्या मागे लागूच नका, एसआयआरएनएने (एखादं प्रोटीन बनणं रोखणारे आरएनएचे छोटे तुकडे) रिसेप्टर कमी करा, क्यूपीसीआरवर (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) कुठले जीन खाली-वर जातात बघा, ते जीन हातात आले की मग कंपाउंडची डबी उघडा.