आईवडिलांची शुश्रूषा मुलाने स्वतः कशी करावी

म्हाताऱ्या आईवडिलांना ‘मुलगा सांभाळतो’ असे आपल्याकडे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा मुलगा औषधांचे पैसे देत असतो आणि उठवणे, धुणे, भरवणे हे सारे सून किंवा बहीण निस्तरत असते. हे काम पुरुषाने अंगावर घ्यायचे, तर नुसती माया पुरत नाही, ते शिकावे लागते; म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्याआधीच परिचारिकेसमोर कूस बदलणे, उठवणे आणि भरवणे स्वतः करून पाहावे.

वडिलांना अर्धांगवायू झाला असेल, तर लुळ्या हाताला धरून त्यांना कधीही ओढू नये, कारण त्या बाजूचा खांदा निखळू शकतो. आधी कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत, पाठीला आधार देऊन बसते करावे आणि काही मिनिटे तसेच बसू द्यावे. एकदम उभे केल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. आपण गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. (ताकदीच्या भरवशावर उचलणाऱ्या मुलाचीच कंबर आधी धरते.) सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. अंघोळीसाठी न घसरणारी, पाठीची खुर्ची ठेवावी आणि पाणी आपल्या हाताने तपासावे, कारण लुळ्या अंगाला चटका कळेलच असे नाही. कमरेचा पंचा तसाच राहू द्यावा आणि गप्पा भलत्याच विषयावर माराव्यात. संकोच दोघांनाही असतो, तो बोलून दाखवल्याने वाढतो.

जेवण बसवूनच द्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. पाणी किंवा चहा घेताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी आणि रोज माकडहाड, खुबे व टाचा पाहाव्यात. दाबूनही फिकी न होणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. तिथे चोळू नये, भार काढावा.

आईच्या बाबतीत अंघोळ आणि कपडे कोणी करावेत, हे तिलाच विचारावे. तिला अवघड वाटत असेल, तर तेवढ्यापुरती मावशी ठेवावी. औषधे, नखे कापणे, केसांना तेल लावणे आणि रात्रीचे उठणे मुलाकडे राहू शकते.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सोपे आहे. सरकारी निवृत्तिवेतन असल्यास हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि तो मोबाइलवरून चेहरा ओळखवूनही देता येतो. वयाची 70 वर्षे पूर्ण झाली असल्यास रुग्णालयातील मोफत उपचारांसाठीचे सरकारी आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. भावंडांशी बोलताना मात्र ‘जमेल तसे या’ असे मोघम न सांगता कोणता रविवार कोणाचा, हे आधीच ठरवून घ्यावे.