कोल्हापुरात मेटल बँड काढायचाय? मग आधी पेडलला तेल घाला

"हेवी मेटल? म्हंजे बिडाचं काम हाय व्हय?"

हेवी मेटल म्हणजे खरं तर रॉक संगीताचा एक जड, दणदणीत प्रकार. त्याच्या सरावाला जागा मागायला उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात गेलो, तेव्हा शेडच्या मालकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. काका फौंड्रीवाले. जड धातू म्हणजे बीड, दुसरं काय! ड्रम वाजवून दाखवल्यावर मात्र म्हणाले, "वाजवा की. आमच्या मशीनपुढं तुमचा आवाज कुणाला ऐकू येतोय?" 2008 ते 2017 अशी नऊ वर्षं आमचा चौघांचा बँड त्या शेडमागच्या खोलीत वाजला. मी ड्रमर. अधूनमधून एखादं पोरगं विचारतं, "दादा, कोल्हापुरात राहून मेटल बँड काढायचाय, कसं करू?" त्याला चहावर जे सांगतो तेच इथं लिहितोय.

जागा आधी शोधा, नाव नंतर. आम्ही उलटं केलं. तीन महिने नावात आणि लोगोत घालवले. मेटलचा लोगो म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, वाचता येता कामा नये असा जणू नियमच. महाद्वार रोडच्या प्रिंटरनं तो उलटा धरून विचारलं, "भाषा कुठली ही?" तोवर आमची एक चाल धड बसली नव्हती. पेठेत घराच्या माळ्यावर वाजवायचा प्रयत्न केला तर दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दारात. कारखान्यांच्या भागात मात्र संध्याकाळनंतर कुणी राहत नाही. आमच्या खोलीच्या दोन भिंतींना कास्टिंगचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, रचलेले होते, वेड्यावाकड्या आकारांचे. त्यांच्यामुळे आवाज घुमायचा नाही. पैसे देऊन खोली तशी करायला गेलो असतो तर कर्ज काढावं लागलं असतं. तोटा एकच. मोल्डिंगची काळी वाळू सगळ्यात शिरायची. दर रविवारी पेडलचं, म्हणजे पायानं मोठा ड्रम वाजवायच्या पट्टीचं, बेअरिंग उघडून पुसायचं, तेल घालायचं, मग सराव.

त्याच खोलीत मेटलचा इतिहास मला पहिल्यांदा नीट कळला, तोही पॉवर प्रेसवरच्या एका मामांमुळे. त्यांचं दीड बोट प्रेसमध्ये गेलेलं. एकदा दारात उभे राहून आमचं वाजवणं बघत होते. गिटारवाल्यानं त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली, मेटलची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात त्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक. बर्मिंगहॅमचा सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. आणि हा डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. मामांनी लगेच विचारलं, "मग दाबतोय कशानं?" प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घातल्या. पुढं गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा सैल पडल्या, दाबायला सोप्या झाल्या. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 चा. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये तो खाली उतरलेला, जड आवाज स्पष्ट ऐकू येतो. मामांनी आपलं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चामडं काय, आपल्यात पायलीला पन्नास." त्यानंतर आमच्या खोलीचं वीजबिल कुणी काढलं नाही.

आता सामानाबद्दल. नवीन पोरं चकचकीत ड्रमसेटवर पैसे उडवतात. तसं करू नका. ड्रमची खोडं जुनी चालतात, कातडी बदलली की आवाज येतो. पैसे घाला डबल पेडल (दोन्ही पायांनी वाजवायचं), स्नेअर (समोरचा कडकड वाजणारा छोटा ड्रम) आणि झांजांमध्ये, कारण बाहेरगावी तुम्ही एवढंच घेऊन जाणार आहात, बाकीचा सेट तिथला असतो. झांज घेताना बी-8 की बी-20 ते विचारा. हा आकडा कथलाचा, शंभरात आठ भाग की वीस, उरलेलं तांबं. वीसवाली म्हणजे जवळपास आपलं कासंच, पाय चोळायच्या वाटीचं. महाग असते, पण तिचा आवाज गिटारच्या कल्लोळातही वेगळा निघतो.

सराव मेट्रोनोमवर करा, म्हणजे ठरलेल्या गतीनं टिकटिक करणाऱ्या यंत्रावर. हे मला चार वर्षं उशिरा कळलं. पहिलं रेकॉर्डिंग करायला पुण्याला गेलो, तासावर पैसे मोजून. रेकॉर्डिस्टनं मोजून दाखवलं, गाणं सुरू झालं मिनिटाला 184 ठोक्यांवर आणि संपलं 203 वर. आम्हाला वाटत होतं, काय जोश आहे! तो दिवस पूर्ण पाण्यात गेला. परत येऊन 120 पासून सुरुवात केली. दोन्ही पाय सारखे पडले की चारनं वाढवायचं, बिघडले की पुन्हा खाली. 190 ला स्वच्छ पोचायला चार महिने लागले. कंटाळवाणं काम आहे, त्याला दुसरी वाट मला तरी सापडली नाही.

कानात बोळे घाला. कापसाचे नव्हे, वादकांसाठी मिळतात ते. 85 डेसिबलला आठ तास चालतं, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशोब केला तर 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम त्याच्याही वर जातात. माझ्या डाव्या कानात रात्री अजून रातकिडा बोलतो.

गायकासाठी एकच सांगेन: घशात दुखलं की थांबायचं. मेटल गाताना काढतात ती गुरगुर पोटातल्या श्वासावर उभी असते, कुणा शाहिराचा पोवाडा जवळून ऐका म्हणजे समजेल.

कार्यक्रम मिळाला की आपली वेळ लेखी विचारा, आणि आपल्याआधी किती जण आहेत तेही. एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला आठची वेळ दिली होती. फॅशन शो, नाच, सत्कार, पुन्हा सत्कार. स्टेजवर चढलो पावणेदहाला. दहा वाजता लाउडस्पीकर बंद, कायदाच आहे तो. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध आवाज गेला आणि मी एकटाच वाजवत राहिलो, मला कळलंच नाही. पुढच्या रांगेतली पोरं हसत होती. वर साउंडवाल्यानं गायकाला ऑर्केस्ट्रासारखा एको लावलेला, किक ड्रमला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, माइकच नाही. चूक त्याची नव्हती, आम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून एका कागदावर कोण कुठं उभा, किती माइक, कुठली लाइन कुठल्या चॅनेलला, हे लिहून आठवडाभर आधी द्यायला लागलो.

आवाजाचं खरं शिक्षण मिळालं गणपतीत डॉल्बी लावणाऱ्या एका दोस्ताच्या गोडाऊनमध्ये. बेस कुठं कापायचा, किक आणि बेस गिटार एकमेकांवर का चढतात, हे त्यानं दोन रविवारांत शिकवलं. आपल्या गावात मेटलचे श्रोते मूठभर, पण छातीत धडकणारा आवाज समजणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याशी ओळख ठेवा.

बाहेर जावंच लागतं. मी पहिल्यांदा गेलो तो ऐकायला, मार्च 2007 मध्ये, आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडसाठी बेंगळुरूला. जाता-येता दोन रात्री बसमध्ये, आणि परतल्यावर प्रॅक्टिकल बुडवल्याबद्दल घरी जे ऐकलं ते मेडनपेक्षा मोठ्यानं. वाजवायला मात्र पुणं-मुंबईच. मानधन आठ हजार, गाडीभाडं आणि टोल धरून खर्च सात. उरलेल्या हजाराचे चार भाग करू नका, रेकॉर्डिंगच्या डब्यात टाका. वही ठेवा. आमच्यात सगळ्यात मोठं भांडण संगीतावरून झालं नाही, 3,200 रुपयांच्या गाडीभाड्यावरून झालं. दोन महिने अबोला. टी-शर्ट शंभर छापले, सगळे एकाच मापाचे. चाळीस उरले. त्यातल्या एकानं मी अजून गाडी पुसतो.

गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे लिहून चौघांनी सह्या करा. कॉपीराइट रचणाऱ्याच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतो, मैत्रीचं माहीत नाही. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्वही घेऊन ठेवा.

नोकरी सोडू का, हा प्रश्न ठरलेला. साहिल माखिजानं मुंबईत 2000 साली डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला, देशातल्या मेटलमधलं मोठं नाव. तोही स्वयंपाकाचं चॅनेल चालवतो, हेडबँगर्स किचन. मी नऊ वर्षं दिवसा ड्रॉइंग ऑफिसात होतो. शनिवार अर्धा दिवस मिळावा म्हणून पगारवाढ सोडली, त्याचं वाईट वाटत नाही.

2017 मध्ये गिटारवाला नोकरीसाठी चाकणला गेला, आणि थांबलो. ना भांडण, ना निरोपाचा कार्यक्रम. खोली अजून आहे, पॅटर्न वाढलेत. मागच्या महिन्यात काका भेटले तर म्हणाले, "ते बिडाचं काम बंदच केलासा व्हय? कोण असंल तर पाठवा." किल्ली माझ्याकडं आहे. येताना तेलाची बाटली आणा, वाळू काही हटलेली नाही.