बाइकच्या काळवंडलेल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला पुन्हा ब्रश फिनिश कसं द्यावं

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं तांबूस गंजत नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एक दिवस फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच) उतरवली की फ्रेमवर पांढरट भुकटी, काळपट डाग आणि लॅकरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) अळीने कुरतडल्यासारख्या नागमोडी रेषा दिसतात. हे सगळं हाताने निघतं. मशीन न वापरलेलंच बरं.

ब्रश फिनिश म्हणजे आरशासारखी चमक नव्हे. एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा, एवढंच. त्यामुळे हात सरळ चालला पाहिजे. गोल फिरवला की काम फसलं.

आधी वरचा थर ओळखा

सीटखाली, सहसा दिसणार नाही अशा जागी ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर; नंबर जितका लहान तितका खरखरीत) ओला करून दहा-बारा वेळा घासा. पाणी दुधाळ झालं तर वर लॅकर आहे. करडं-काळं झालं तर धातू उघडा आहे. पेपर नुसताच घसरत असेल आणि मल्टिमीटरच्या पिना हलक्या टेकवूनही करंट जात नसेल, तर फ्रेम बहुधा अ‍ॅनोडाइज केलेली आहे, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवलेला आहे. तो थर फार कठीण असतो. नुसता मळला असेल तर धुऊन सोडून द्या. जागोजागी उडाला असेल तर फ्रेम पूर्ण उघडून अ‍ॅनोडायझिंग करणाऱ्याकडे द्यावी. हाताने त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

धुणं आणि लॅकर काढणं

डिग्रीझर आणि जुना टूथब्रश घेऊन तेलकट मळ काढा. नाली मोकळी करायची पावडर किंवा ओव्हन क्लीनर चुकूनही लावू नका. त्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियम खातो. धुतल्यावर वेल्डिंगच्या आसपास तडा दिसला तर काम तिथेच थांबवा आणि फ्रेम जाणकाराला दाखवा.

वायरिंग, रबर, प्लास्टिक झाकून घ्या. मग अ‍ॅल्युमिनियमला चालणारा जेल पेंट रिमूव्हर लावा आणि फुगलेलं लॅकर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. हातमोजे, गॉगल आणि खेळती हवा हवीच. फ्रेम नंबरवर ना रिमूव्हर लावा ना पेपर. अस्पष्ट झालेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि पुढे नसता ताप होतो.

घासणं

टाकी उतरवून तिच्या रबराखाली किंवा एखाद्या ब्रॅकेटच्या आड पाहा. तिथे कारखान्यातलं मूळ फिनिश बहुतेक वेळा शाबूत असतं. रेघा कोणत्या दिशेला आहेत, किती जाड आहेत, नखाला लागतात का, हे नीट बघून ठेवा. तोच तुमचा नमुना.

डाग आणि खड्डे असतील तिथे ३२० पासून सुरुवात करा, खूप खराब असेल तरच २४०. पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि फ्रेमच्या लांबीच्या दिशेने सरळ ओढा. टोकाला मनगट आपोआप वळतं आणि तिथे स्वल्पविरामासारखी खूण उमटते. म्हणून कडेला मास्किंग टेप लावा, हात टेपवर जाऊ द्या आणि तिथेच उचला. खोल खड्ड्याचा तळ गाठायचा हट्ट नको. या धातूवरच गाडीचा भार असतो, उगाच पातळ करू नका.

मग ४००. ३२० च्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट (घासायचं खरखरीत पॅड), एकसारख्या दाबाने, एकाच दिशेला. निदान फ्रेमची एक अख्खी बाजू एका बैठकीत संपवा, कारण दुसऱ्या दिवशीचा हात वेगळा पडतो. ६०० च्या पुढे गेलात तर रेघा मिटतात आणि चकाकी येते. माझ्या मते ती या फ्रेमला शोभत नाही.

अडचणीच्या कोपऱ्यात आइस्क्रीमच्या काडीला पॅडची पट्टी गुंडाळा. वेल्डिंगच्या खवल्यांना पेपर नको, स्टेनलेसचा छोटा ब्रश पुरे. मात्र तो आधी लोखंडावर वापरलेला नसावा.

स्टील वूलचा (बारीक लोखंडी तारांच्या घासणीचा) धडा मी स्वतः घेतलाय. पहिल्या फ्रेमला मी तेच वापरलं, काम झटपट झालं आणि मी खूश. तीन आठवड्यांनी सगळीकडे मोहरीएवढे तपकिरी ठिपके! मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतलेले लोखंडाचे कण गंजले होते. सगळं पुन्हा घासावं लागलं.

कोरडं घासू नका. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, शिवाय छातीत जाते ती वेगळीच.

शेवटचा हात

फ्रेम धुऊन पुसा आणि अंधारात टॉर्च जवळजवळ आडवी धरून बघा. आडव्यातिडव्या रेघा लगेच उठून दिसतात. त्या मोडल्या की आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या. यापुढे हातमोजे घालूनच हात लावा, बोटांचे ठसे राहतात.

त्याच दिवशी वरून संरक्षण द्या. लॅकर टिकतं खरं, पण एक टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि त्या अळीसारख्या रेषा परत येतात. टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचं) लॅकर मारायचं तर त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनामुळे साधा धुळीचा मास्क चालत नाही. मी मेणाचं पॉलिश लावतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, पण डाग पडलाच तर तेवढीच जागा पॅडने सरळ घासून भागतं.

गाडी जोडताना स्टीलच्या बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा आणि घट्ट करताना कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) पाळा. ओल शिरली की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं, आणि पांढरी भुकटी बहुतेकदा तिथूनच सुरू होते.