ईक्यू नक्की कधी लावायचा? रेकॉर्डिंगला की मिक्सिंगला

ईक्यू म्हणजे इक्वलायझर, आवाजातल्या ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन. नवीन शिकणारे हमखास विचारतात की व्होकलला कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती डीबी वाढवू, आणि मी उलट विचारतो, माइक कुठे ठेवला होतास? कारण निम्मी कामं तिथेच होतात. कार्डिऑइड माइकला (जो मुख्यतः समोरचा आवाज पकडतो) तोंड अगदी चिकटवून गायलं की बेस फुगतो, मग तो ईक्यूने कापत बसण्यापेक्षा 15-20 सेंटीमीटर मागे सरकायला सांगा. अकूस्टिक गिटार घुमत असेल तर माइक साउंडहोलसमोरून काढून बाराव्या फ्रेटकडे (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीकडे) न्या, लगेच फरक कळतो.

रेकॉर्ड करताना लावलेला ईक्यू फाइलमध्ये कायमचा जातो, तिथे अनडू नाही. म्हणून मी त्या वेळी फार तर लो-कट (ठरावीक फ्रिक्वेन्सीखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावतो, व्होकलला 80 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पंख्याची घरघर, पायांचा धपधप आवाज येत नाही. पुरुषाचा आवाज खर्जातला असेल तर अजून खाली घ्या. बेस गिटार आणि किक ड्रमला मात्र अजिबात नको, बेसची सगळ्यात जाड तारच 41 हर्ट्झला वाजते! गायकाला हेडफोनमध्ये जरा चमकदार आवाज हवा असेल तर फक्त त्याच्या मॉनिटरवर ईक्यू द्या, रेकॉर्डिंग साधंच ठेवा.

मिक्सला बसलात तरी आधी फेडर (आवाजाची पातळी) आणि पॅन (डावी-उजवी जागा). बऱ्याचदा गिटार नुसती 2 डीबी खाली घेतली की व्होकल आपोआप वर येतो आणि ईक्यूची गरजच उरत नाही. एवढं करूनही दोन वाद्यं एकमेकांवर चढत असतील तेव्हा ईक्यूचं प्लगइन उघडा. गिटार आणि व्होकल बहुतेक 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये भांडतात, तिथे गिटार थोडी कापायची, व्होकल वाढवायचा नाही. सगळं मिळून गढूळ वाटत असेल तर 200 ते 400 हर्ट्झ बघा. आणि हे सोलो दाबून, म्हणजे बाकी ट्रॅक बंद ठेवून, करू नका प्लीज, सोलोत किरकिरी वाटणारी गिटार पूर्ण गाण्यात मस्त बसते, सोलोत भरदार केली की तीच पुन्हा सगळ्यांच्या अंगावर येते.

बूस्ट केल्यावर आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, त्यामुळे आउटपुट तेवढंच खाली करून मगच बायपास दाबून (ईक्यू चालू-बंद करून) तुलना करा. खरं सांगतो, अर्धे बूस्ट तिथेच काढून टाकावे लागतात.

ईक्यू कंप्रेसरच्या (मोठा झालेला आवाज दाबून पातळी सारखी करणाऱ्या साधनाच्या) आधी की नंतर, हा वाद संपत नाही. मी नको असलेला बेस आधी कापतो, नाहीतर कंप्रेसर त्याच्याच तालावर दाबत बसतो, आणि चमक वगैरे नंतर देतो. फक्त ‘स’, ‘श’ टोचत असतील तर साधा ईक्यू नको, तो पूर्ण गाणंभर 5 ते 8 किलोहर्ट्झ खाली ओढतो आणि आवाज मंद होतो, तिथे डी-एसर लावा, तो टोचेल तेवढ्या क्षणापुरताच दाबतो.