जुन्या डिशवॉशरला आधी पाणी पाजा, मग वीज

जुनं डिशवॉशर घरात आलं की हात शिवशिवतात. प्लग लावू, कळ दाबू, बघू तरी चालतंय का! मीही तेच केलं होतं. बरीच वर्षं अडगळीत पडलेलं मशीन, आधी नुसतं गुणगुणलं आणि मिनिटभरात जळक्या वार्निशचा वास सुटला. मोटर जाम होती. अख्खं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, नव्यानं भरून घ्यावं लागलं.

ही मशीनं वापरून झिजतात त्यापेक्षा पडून राहून जास्त बिघडतात. पंपाच्या शाफ्टवर जे सील असतं, त्यात कार्बनची गुळगुळीत चकती स्प्रिंगच्या जोरानं दुसऱ्या चकतीवर दाबलेली असते. मधल्या पाण्याचा पातळ थर हेच तिचं वंगण. पाणी आटलं की क्षार साचून दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटतात. तशाच कोरड्या फिरवल्या तर चरे पडतात, पाणी झिरपायला लागतं, आणि पुष्कळ जुन्या मशीनांत पंपाच्या बरोबर खाली असते मोटर.

म्हणून प्लग बाजूला ठेवा. तळाच्या खोलगट भागात दोन-तीन लिटर कोमट पाणी ओता, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी कागद कोरडा असेल तर निम्मी लढाई जिंकली. मग खालचं पत्र्याचं झाकण काढून मोटरचा पंखा हातानं फिरवा. अडला तर जोर करू नका. पुढे-मागे हलवत राहा, सुटतो. (आत राखाडी-पांढरं, धाग्याधाग्यांचं जुनं आवरण दिसलं तर ते खरवडू नका. फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं.)

आता मल्टिमीटर. प्लग काढलेलाच, आणि मोटरला कपॅसिटर (प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर तो आधी रेझिस्टर लावून रिकामा करा. हीटरची एक वायर सोडवून रोध मोजा. २३० व्होल्टवरचा १८०० वॉटचा हीटर असेल तर साधारण २९ ओहम यायला हवेत. मग हीटरचं टोक आणि मशीनचा पत्रा यांच्यात मोजा: तिथे जोडणीच दिसायला नको, म्हणजे मीटरनं शून्य नव्हे, अनंत रोध दाखवायला हवा. मात्र एवढ्यावर विसंबू नका. हीटरच्या नळीतली पूड वर्षानुवर्षं ओल शोषते, आणि ती गळती मल्टिमीटरच्या इवल्याशा व्होल्टेजला सापडत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारं मीटर, लावून घ्या. दोन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंग ओढल्याशिवाय आणि ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. यात तडजोड नाही.

टायमर मला मशीनमधला सगळ्यात लाडका भाग. छोटी मोटर, दातेरी चक्रं, खाचा असलेला रूळ आणि त्यावर उघडमीट करणारे संपर्क, बस्स. डायल उलटा फिरवू नका, आणि चालू असताना तर मुळीच नाही, संपर्क जळतात. ६० हर्ट्झसाठी बनलेला टायमर ५० हर्ट्झवर चालवला तर दहा मिनिटांचा टप्पा बारा मिनिटांचा होतो. काहींना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे. पण मुख्य मोटरही अशा वेळी मंदावते आणि तापते, तिच्यावर लक्ष हवं.

जोसेफिन कॉक्रन यांनी १८८६ साली ज्या डिशवॉशरचं पेटंट घेतलं, त्यातही काम पाण्याच्या माऱ्याचंच होतं, घासणीचं नाही. तेव्हा मारा नीट हवा. फवाऱ्याचा दांडा काढून प्रत्येक भोक टाचणीनं मोकळं करा. माझ्या दांड्यातून चक्क काचेचा चुरा निघाला. दाराचं रबर कडक झालं असेल तर बदलाच. भांडी ठेवायच्या जाळीच्या काड्या गंजल्या असतील तर घासून, वाळवून व्हिनाइलचा लेप द्या.

साबणाचं वेगळं रामायण आहे. ही मशीनं बनली तेव्हा डिशवॉशरच्या पावडरीत भरपूर फॉस्फेट असायचं, ते पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवायचं. युरोपीय संघात २०१७ पासून त्यावर कडक मर्यादा आहे, अमेरिकेच्या अनेक राज्यांत २०१० पासूनच. त्यामुळे जड पाण्यात जुन्या मशीनमधून काचा पांढुरक्या निघतात. मशीनला दोष देऊ नका. पाणी मऊ करून घ्या किंवा रिन्स एड (शेवटच्या खळबळणीत पाणी निथळायला मदत करणारं द्रव) वापरा. अधूनमधून सायट्रिक ॲसिड टाकून रिकामी फेरी चालवा, पण साबणाबरोबर नको, दोघं एकमेकांना मारतात. आतून एनॅमल असेल तर हात आखडता ठेवा, ॲसिडनं चकाकी जाते. आणि भांडी घासायचं लिक्विड चुकूनही नको. मी एकदा चमचाभर घातलं, तर दारातून फेस ओसंडला आणि पंप नुसती हवा ओढत बसला.

गरम पाण्याच्या नळाला जोडायचं मॉडेल असेल तर चालू करण्याआधी जवळचा गरम नळ वाफाळेपर्यंत सोडून ठेवा. नाहीतर पहिली भरती पाइपातल्या गार पाण्याचीच होते.

आठवड्यातून एकदा तरी चालवाच. बाहेरगावाहून परतल्यावर माझी पहिली फेरी मात्र रिकामी असते: तळात दोन लिटर पाणी, तासभर थांबायचं, मग कळ. खाली वर्तमानपत्र अजूनही अंथरते.