नर्सिंगच्या पोस्टिंगमध्ये पाय कसे सांभाळावेत: बूट खरेदीपासून चिखल्यांपर्यंत

नर्सिंगला प्रवेश झाला की खरेदीची यादी हातात पडते. युनिफॉर्म, सेकंद काट्याचं घड्याळ, स्टेथोस्कोप, वह्या, आणि अगदी तळाला बूट. बेळगावची गणपत गल्ली, खडेबाजार पालथा घालून सगळं उरकलं की उरलेल्या पैशात बसतील ते बूट घेतले जातात. बी.एस्सी.ची 4 वर्षं असोत की जीएनएम या नर्सिंग पदविकेची 3, पोस्टिंगचा, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकण्याचा, सगळा वेळ त्याच बुटांत उभं राहून काढायचा असतो. म्हणून यादी खालून वाचा. आधी बूट, मग बाकीचं.

"सुरुवातीला दुखतंच गं, सवय होईल," असं सिनियरही सांगतात आणि घरचेही. पोटऱ्या भरून येणं आठ-पंधरा दिवसांत कमी होतं, एवढं त्यात खरं आहे. टाचेवरचा फोड, सकाळची कळ, बोटांच्या बेचक्यातली खाज यांची मात्र सवय होत नाही. दुर्लक्ष केलं की त्या वाढतात.

बूट घेताना

माप संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडे सुजलेले असतात आणि ड्युटीच्या शेवटच्या तासाला ते तसेच असणार आहेत. जमिनीवर कोरा कागद ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. दोन्ही पायांची मापं घ्या, कारण बहुतेकींचा एक पाय किंचित मोठा असतो. मोठा पाय तेच तुमचं माप. दुकानात बूट त्या चित्रावर ठेवून बघा. रेघ बुटाच्या बाहेर डोकावत असेल, विशेषतः करंगळीच्या बाजूला, तर तो जोड परत द्या. 'घालून घालून सैल होईल' हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. निपाणी किंवा अथणीहून वडील येताना बूट घेऊन येणार असतील तर त्यांना नंबर सांगण्याऐवजी हा कागदच पाठवा. सहा नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा निघतो.

मग मोजे घालून बूट चढवा आणि उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटं आत हलली पाहिजेत. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याच्या ठिकाणी वाकला तर ठीक, मधोमध पुठ्ठ्यासारखा दुमडला तर नको. टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाबून बघा, ती टणक हवी. तळ घसरणारा नको, कारण वॉर्डाची फरशी दिवसातून कितीदा पुसली जाते ते लवकरच कळेल.

पांढऱ्या सपाट बेली दिसायला नीटनेटक्या आणि स्वस्त, म्हणून त्यांचा खप फार. माझ्या मते वॉर्डासाठी त्या सगळ्यात वाईट. टाचेला आधार नाही, पायाचा वरचा भाग उघडा, आणि पायातून निसटू नये म्हणून चालताना बोटं सारखी आवळून धरावी लागतात. नाडीचे किंवा पट्ट्याचे, वरून पुसता येणारे, बंद बूट घ्या. कापडी बूट नकोत, सांडलेलं सगळं शोषून घेतात. कॉलेजचा नियम बहुधा रंगाचा असतो, आकाराचा नसतो. तरी पैसे देण्याआधी मॅडमना विचारून घ्या.

कोल्हापुरी पायताणाबद्दल आपल्याकडे अभिमान असणारच. 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत, आणि आपल्या अथणी-निपाणीत ते पिढ्यान् पिढ्या बनतं. पण उघडी बोटं आणि चामड्याचा गुळगुळीत तळ वॉर्डात चालत नाही. ते लग्नकार्याला ठेवा.

नवे बूट थेट ड्युटीला घालू नका. आधी काही संध्याकाळी घरात तास-दोन तास घालून फिरा.

ड्युटीवर असताना

चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जास्त छळतं. पोटरीचे स्नायू हलत राहिले तर रक्त वर ढकललं जातं, नुसतं उभं राहिलं की ते पायात साचतं. राऊंडला डॉक्टरांच्या मागे उभ्या असाल तेव्हा टाचा हळूच वर-खाली करा. कुणाच्या लक्षातही येत नाही. भार या पायावरून त्या पायावर घ्या. चार्ट भरताना बसायची मुभा असेल तर बसा. विद्यार्थिनींनी बसायचं नाही असा काही वॉर्डांत अलिखित नियम असतो. त्याला काही अर्थ नाही, पण इन्चार्ज सिस्टरशी पहिल्याच आठवड्यात वाद घालण्यातही नाही.

ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगला सामायिक चपला घालाव्या लागतात. कालच्या घामानं ओल्या चपलेत अनवाणी पाय घालू नका. स्वतःचे स्वच्छ मोजे घाला आणि ओटीतून बाहेर आल्यावर ते बदला.

सुई किंवा ब्लेड पायावर पडून टोचलं तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच इन्चार्जना सांगा. एचआयव्ही टाळण्याचं औषध लागणार असेल तर ते शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हवं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. बोलणी बसतील म्हणून लपवण्याची ही गोष्ट नाही.

खानापूर, चिकोडीकडून रोज ये-जा करणाऱ्यांचं उभं राहणं बसमध्येच सुरू होतं. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत सरकारी साध्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे सकाळच्या गाडीत जागा मिळणं अवघड. प्रवासाला वेगळं पायताण घाला आणि ड्युटीचे बूट पिशवीत न्या. खानापूरहून येणाऱ्या मुलीचे बूट 25-26 किलोमीटरच्या गर्दीत तुडवले जाण्याऐवजी वॉर्डात कोरडे पोचतात, हाही फायदा.

घरी किंवा हॉस्टेलवर आल्यावर

बूट काढले की पाय साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या टॉवेलनं कोरड्या करा आणि पाय बघा. मधुमेहाच्या पेशंटचा पाय तपासताना बेचकी, टाच, तळवा, नखांच्या कडा बघायच्या असं तुम्ही शिकता. तेच आता स्वतःवर. मग पाठीवर झोपून पाय उशीवर, छातीपेक्षा उंच, पंधरा मिनिटं ठेवा. नखं सरळ रेषेत कापा. कोपरे खोल कोरलेत की नख मांसात घुसतं आणि नखुरडं होतं.

फोड आला असेल तर फोडू नका. वरची कातडी हीच त्याची पट्टी. धुऊन, कोरडं करून वर ड्रेसिंग लावा आणि बूट का घासतोय ते शोधा. टाचेच्या भेगांना कोकमाचं तेल चांगलं. बाजारात त्याचे पांढुरके घट्ट गोळे मिळतात. तुकडा चमच्यात धरून दिव्यावर पातळ करा, सोसवेल इतका कोमट झाल्यावर रात्री भेगांत भरा आणि वर मोजे घाला. बेचक्यांत मात्र कुठलंच तेल नको.

पावसाळा आणि चिखल्या

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात बूट वाळत नाहीत, ही खरी अडचण. ओल्या बुटात दिवसभर राहिलेल्या पायाला बुरशी धरते. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, सोलते, खाजते, वास येतो. याच चिखल्या.

बूट दोन जोड हवेत. खर्चिक वाटेल, पण आलटून पालटून घातले तर दोन्ही जास्त टिकतात. ओल्या बुटाचा आतला सोल काढून वेगळा ठेवा, कालचा तरुण भारत चुरगाळून बुटात कोंबा, तासाभरानं कागद बदला, मग बूट पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा गॅसपाशी नको, डिंक सुटतो. मोजे सुती किंवा सुतीमिश्रित घ्या, आणि एक जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पर्समध्ये ठेवा. दुपारी मोजे बदलण्याला दोन मिनिटं लागतात.

चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे लावा. खाज आठवड्यात थांबते आणि तिथेच बहुतेकजणी मलम सोडतात. मग पंधरवड्यात पुन्हा तेच. मेडिकलवाल्यानं 'लवकर गुण येईल' म्हणून दिलेल्या मलमाची ट्यूब उलटून वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर परत करा. स्टेरॉइडनं खाज दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

कम्युनिटी पोस्टिंगला गावात जाताना पायावर चीर किंवा जखम असेल तर ती झाकून, शक्यतो गमबूट घालून जा. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा, विचार त्यावरून होतो.

टाचेची सकाळची कळ

सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येते आणि दहा-वीस पावलांनी कमी होते, असं असेल तर तळव्याचा पट्टा ताणला गेलाय. उठण्याआधी अंथरुणातच टॉवेल चवड्यामागून घालून पाय स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट, तीन वेळा. भिंतीला हात टेकून पोटरीही तशीच ताणा. हॉस्टेलच्या शहाबादी फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. महिना-दोन महिने चिकाटी धरावी लागते.

डॉक्टरांकडे कधी

एकच पाय सुजला आणि पोटरी दुखते, तर त्याच दिवशी. चवड्याच्या हाडावर एका ठराविक जागी बोट ठेवलं की कळ येते आणि रोज वाढते, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पाऊल लाल, गरम झालं, पू आला, किंवा बोटांना मुंग्या येऊन त्या जात नसतील तरीही थांबू नका. तुम्ही हॉस्पिटलातच असता म्हणून कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या ओळखीच्या डॉक्टरांना पाय दाखवायचा मोह होतो. तसं करू नका, केसपेपर काढा. तडा निघाला तर काही आठवडे पायाला विश्रांती लागते, आणि बुडालेल्या पोस्टिंगचे तास नंतर भरून काढायची परवानगी मागताना कॉलेज आधी तो कागदच बघतं.